कारखान्याचे दोन सेट

परवा कॉलेजातून घरी येताना लातूर फाट्यावर वीस मिनिटं अडकून पडले. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं दोन ट्रॉल्या, त्यातली एक खड्ड्यात कलंडायच्या बेतात, आणि ड्रायव्हर खाली उतरून निवांत तंबाखू मळत उभा. ट्रॅक्टरवरचं गाणं चालूच. मागचे लोक हॉर्न वाजवून दमले, तेव्हा कुठं दुसरा ट्रॅक्टर ओढायला आला. मी गाडी बंद केली आणि तोडलेल्या उसाचा तो ओला, हिरवट गोड वास घेत उभी राहिले. खरं तर चिडायला हवं होतं, घरी कणीक भिजवायची होती. पण हंगाम लागला, एवढंच मनात आलं आणि बरं वाटलं.

माझं लहानपण साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. आमचं वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं नाही की जूनमध्येही नाही. बॉयलर पेटला की वर्ष सुरू, शेवटचा भोंगा वाजला की संपलं. मधल्या चार-पाच महिन्यांना हंगाम म्हणायचं. हंगामात हवेला मळीचा आंबूस वास असायचा. पाहुण्यांना तो सहन होत नसे आणि आम्हाला तो आहे हेही कळत नसे. चिमणीतून काळी राख उडायची आणि आईनं वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर नेमकी येऊन बसायची. मग आई अंगणात उभी राहून चिमणीला असं काही सुनवायची, की शेजारणी हातातलं काम टाकून ऐकायला यायच्या.

बाबा कारखान्याच्या वायरलेस रूममध्ये होते. मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. गावोगाव फिरणाऱ्या जीपमध्ये एकेक सेट, उसाच्या यार्डात एक, आणि या सगळ्यांच्या मधोमध खुर्चीत बाबा. कुठल्या शिवारात तोडणीची टोळी रिकामी बसली आहे, कुठला ट्रक पंक्चर झाला आहे, हे साहेबांच्या आधी बाबांना ठाऊक. मी डबा द्यायला जायची तेव्हा ऐकत उभी राहायची. त्यांचा तिथला आवाज वेगळाच असे, भरदार आणि सावकाश. घरी आले की तोच माणूस गप्प. आई म्हणायची, "सगळं बोलणं कारखान्यालाच देऊन येतात. आमच्या वाट्याला नुसतं हूं आन् हां."

पुढं मोबाइल आले, वायरलेस रूमला कुलूप लागलं आणि बाबांना स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदपूरला घर बांधलं. मी तोवर नांदेडला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. मग आई गेली. त्यानंतर बाबांचं हूं आन् हांसुद्धा आटत चाललं. फोन केला की "हाव. जेवलो. बरं हाय. ठेवू का?" एवढ्यात फोन संपायचा. ते आजारी पडतील याची भीती मला नव्हती, ते काटक आहेत. ते बोलणंच विसरून जातील, याची भीती होती. नांदेडला या म्हटलं की एकच उत्तर, "तिथं येऊन काय करू? इथं निदान कुलूप माझं हाय."

अशात एक दिवस कारखान्याच्या स्टोअरकीपरचा त्यांना फोन आला. जुने वायरलेस सेट भंगारात काढताहेत, तुम्हाला हवे असतील तर बघा. बाबा गेले, रीतसर कागद केले आणि दोन सेट टॉवेलात गुंडाळून एसटीनं घरी घेऊन आले. मी रविवारी गेले, तर ते बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर मांडून ठेवलेले. विटेएवढे जड, मागं सेट तापू नये म्हणून धातूच्या पन्हाळ्या, पुढं चॅनेलचं एक बटण आणि आवाजाचं एक. बाबा जुन्या बनियनच्या तुकड्यानं ते पुसत होते.

"बाबा, हे चालू करता येत नाही असं. लायसन लागतं," मी म्हटलं.

"मंग काढू की लायसन," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी एखादी गोष्ट करू म्हटलं, ते पहिल्यांदाच. मी लगेच कामाला लागले.

लायसन मिळतं ते हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांचं. धंद्यासाठी नाही, करमणुकीच्या गाण्यांसाठी नाही. नुसतं एकमेकांशी बोलायला आणि शिकायला. त्यासाठी परीक्षा असते. आम्ही बापलेकीनं मिळून अभ्यास केला, हैदराबादला जाऊन परीक्षा दिली. अडुसष्ट वर्षांचे बाबा पास झाले आणि वर माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडून झाले. परतीच्या बसमध्ये देगलूरपर्यंत त्यांनी ही बातमी शेजारच्या तेलुगू गृहस्थांना तीन वेळा सांगितली. त्या गृहस्थांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली. लायसन हातात पडेपर्यंत बरेच महिने गेले आणि दिवाळी सरली. दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आमच्यासाठी असा सुरू झाला.

या सेटांना घरच्या रेडिओसारखं स्टेशन शोधायचं चाक नसतं. कारखान्यासाठी बनवलेली वस्तू ती. वापरणाऱ्यानं उगीच खेळू नये म्हणून सगळं आत कुलूपबंद. हौशी लोकांना दिलेला पट्टा कारखान्याच्या फ्रिक्वेन्सीच्या अगदी शेजारी असतो, म्हणून तर असे जुने सेट त्यांना उपयोगी पडतात. पण फ्रिक्वेन्सी बदलायची तर सेट खास वायरनं कॉम्प्युटरला जोडायचा, आतली यादी वाचायची, बदलायची आणि परत भरायची. नव्या कॉम्प्युटरला ते जुनं सॉफ्टवेअर ओळख देईना. शेवटी कॉलेजच्या कपाटातला, कुणालाच नको असलेला एक म्हातारा लॅपटॉप सापडला. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात चहा व्हायचा.

यादी उघडली. फ्रिक्वेन्सीच्या शेजारी आणखी काही रकाने होते. एकावर टोन असं लिहिलेलं आणि खाली कसलासा आकडा. मी विचारलं, "बाबा, हे काय?"

"ते कारखान्यानं बसवलेलं हाय. त्याला हात लावू नको. लई हुशार माणूस आला होता पुण्याहून."

मी मुलांना रोज सांगते, जे कळत नाही ते आधी समजून घ्या. त्या दिवशी मी बापाच्या शब्दाला मान दिला आणि फक्त फ्रिक्वेन्सी बदलली. कुठल्या मुलीनं दुसरं काही केलं असतं, असं मला अजूनही वाटत नाही.

एरियल बाबांनी स्वतः बनवलं. जुन्या टीव्हीच्या एरियलचे ॲल्युमिनियमचे दांडे, प्लंबिंगचा पाइप, मोजपट्टी आणि करवत. दांडा नखाएवढा कापायचा, वर चढवायचा, मीटर बघायचं, पुन्हा उतरवायचा. अहमदपूरच्या गच्चीवर एक उभं राहिलं आणि नांदेडला माझ्या गच्चीवर दुसरं. माझ्या शेजारणीनं विचारलं, "मॅडम, डिश बदलली का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला गेले असते तर पोळ्या करपल्या असत्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरातल्या फळीवरचा सेट लावला. एक टक आवाज झाला आणि खोलीत बाबांचा तो जुना, वायरलेस रूममधला आवाज आला. भरदार, सावकाश. आधी कॉलसाइन, म्हणजे सरकारनं दिलेलं हवेतलं नाव, आणि मग, "करुणा, ऐकू येऊन राहिलं का? ओव्हर." माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मधे डोंगर, लोहा, माळाकोळी, सगळं ओलांडून तो आवाज आला होता. आठ दिवस आधी याच माणसानं मला फोनवर ठेवू का म्हणून विचारलं होतं.

बाबांनी मला शिस्त लावली. बोलायच्या आधी ऐकायचं, कुणाच्या बोलण्यात मधे शिरायचं नाही. आणि सगळ्यात मोठी शिस्त माईकची. बोलणं संपलं, बटण सुटलं, की माईक सेटच्या बाजूच्या खुंटीवर. प्रत्येक वेळी. "ऐकताना हात मोकळा पायजे, लिव्हायला. माईक टेबलावर सोडला तर आमचे साहेब दंड करायचे." बाबा खरोखर लिहून ठेवत. कारखान्याच्या आखीव रजिस्टरमध्ये वेळ, आवाज कसा आला, आणि विषय. मी एकदा ते उघडून पाहिलं. विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तुरीच्या शेंगा. नातवाचा खोकला.'

त्या हंगामात बाबा माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत बोलले नव्हते. मी पुष्कळदा विचार करते, असं का झालं असेल. फोनवर दोघं एकदम बोलू शकतात, म्हणून दोघंही घाई करतात. गप्प झालं की अवघडतं. सेटवर एकानं बटण दाबलं की दुसऱ्यानं ऐकायचंच असतं. बाबा बटण दाबून आधी थोडा वेळ नुसतेच थांबायचे आणि मग बोलायचे. ती वाट बघायला मला आवडू लागलं. ते यार्डातल्या बैलांबद्दल बोलत, दुष्काळाच्या वर्षी हंगाम लवकर संपला त्याबद्दल बोलत. एकदा म्हणाले, "तुझी माय गेल्यापासून घरात ताट वाजत न्हाई बघ. मी एकटाच जेवतो, एकच ताट. ओव्हर." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. ओव्हर म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं, म्हणून काहीतरी दिलं.

पण बाबांना माझ्याशी बोलून पुरत नव्हतं. रोज आमचं झालं की ते सर्वांसाठी हाक देत. हे अहमदपूर, कुणी ऐकत असेल तर बोला. तीन वेळा. मग माईक खुंटीवर, हातात पेन, आणि कान सेटकडं. उत्तर यायचं नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, शेतात ज्वारीला हुरडा धरला आणि कडक झाला. तुरी निघाल्या, लातूरच्या डाळमिला रात्रंदिवस धडधडू लागल्या. त्यांच्या रजिस्टरात मात्र रोजची एकच ओळ, 'सर्वांना हाक. उत्तर नाही.'

"मी बोलते ना तुमच्याशी," मी एकदा म्हटलं.

"तू तर लेक हायस. तू बोलणारच," बाबा म्हणाले. "ज्याचं आपल्याशी काई नातं न्हाई, असा एक तरी माणूस बोलला तर म्हणायचं, की आपण हावोत."

मला हे लागलं. खोटं कशाला सांगू, राग आला. इतक्या महिन्यांचं माझं बोलणं हिशेबातच नाही की काय! दोन दिवस मी सात वाजता मुद्दाम तुटक बोलले. तिसऱ्या दिवशी ओसरला राग, कारण ते खरं होतं. कारखान्याच्या त्या खोलीत त्यांच्याशी बोलणारं कुणी त्यांचं नात्याचं नव्हतं. त्यांची गरज होती, म्हणून लोक बोलत होते.

माघात बाबांनी ठरवून टाकलं. "होळीपर्यंत बघू. तोवर कुणी बोललं न्हाई, तर एरियल उतरवतो, घराला कुलूप लावतो आन् येतो तुझ्याकडं." किती वर्षं मी हेच मागत होते. पण त्यांनी ते अशा आवाजात सांगितलं, की मला नको वाटलं. जुनं कपाट कुणाच्या तरी घरी पोचवायचं असतं ना, त्याबद्दल बोलावं तसं ते स्वतःबद्दल बोलत होते. त्या दिवसापासून होळीचे दिवस मी मोजू लागले आणि रोज संध्याकाळी मनात म्हणू लागले, कुणीतरी बोला हो, कुणीही बोला.

होळीला चार दिवस होते. त्या संध्याकाळी अहमदपूरला काय झालं ते मला नंतर कळलं, पण आधीच सांगते. सात वाजायला अवकाश होता. बाबांनी म्हटलं आज आधी सर्वांना हाक देऊन बघू, आणि माईक हातात घेतला. हाक दिली. तेवढ्यात दारात दूधवाला ओरडला, "काका, पातेलं आणा!" बाबा गडबडीनं उठले आणि नोकरीच्या आणि निवृत्तीच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच माईक खुंटीवर न अडकवता टेबलावर टाकून गेले. दुधाचं पातेलं घेऊन आत आले, तर सेट बोलत होता. त्यांचं कॉलसाइन घेऊन बोलत होता.

पुण्याच्या हुशार माणसानं बसवलेला तो टोन म्हणजे एक बारीक गुणगुण असते. ती बोलण्याच्या खाली दडून जाते आणि आपल्या कानाला कळत नाही, पण सेटला कळते. शेजारच्या कारखान्याचं बोलणं आपल्या खोलीत येऊन गोंधळ नको, म्हणून ही सोय. आपली गुणगुण ऐकली तरच सेट तोंड उघडणार. आमच्या दोन्ही सेटांत ती एकच होती, म्हणून आम्हा दोघांना एकमेकांचं बोलणं येत होतं आणि जगातलं दुसरं कुणाचं येत नव्हतं. माईक खुंटीवर असला की हे कुलूप लागतं. खुंटीवरून काढला की उघडतं. बाबांनी हाक दिली आणि शिस्तीनं माईक खुंटीवर ठेवला, असं रोज, अख्खा हंगाम.

लातूरला रशीदभाई म्हणून आहेत. डाळमिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आता घरी असतात. त्यांना बाबांची हाक पहिल्या आठवड्यापासून ऐकू येत होती. पुढं एकदा मी त्यांना भेटले तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं बघा, नांदेड लई खाली पडतं. साहेबांचं मात्र साफ. लेकीसंगं बोलून राहिले एवढं समजायचं. तुमचं झालं की ते हाक मारायचे, मी जवाब द्यायचो, ते गप. म्हटलं, मोठा माणूस हाय, आपल्याशी कशाला बोलंल? पण हाक कानावर आली, जवाब दिल्याबगर राहवत नव्हतं. रोज द्यायचो." इकडं बाबा समजत होते आपल्याला कुणी विचारत नाही, आणि तिकडं रशीदभाई समजत होते आपल्याला हे विचारत नाहीत. आता संध्याकाळी सात वाजता माझा नंबर लागायला थांबावं लागतं. टोनचा तो आकडा मी दुसऱ्याच दिवशी दोन्ही सेटांतून काढून टाकला. म्हाताऱ्या लॅपटॉपवर त्याला मिनिटही लागलं नाही. मला कितीतरी दिवस स्वतःची लाज वाटत राहिली.

पण त्या संध्याकाळी यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. सात वाजता मी सेट लावला, माईक हातात घेतला, तर बाबा आधीच बोलत होते. माझ्याशी नाही. "हाव, हाव. न्हाई हो, गर्व कशाचा आलाय!" मग शांतता. कुणीतरी काहीतरी म्हणत असणार, मला त्याचं काहीच येत नव्हतं. पुन्हा बाबा, "कधीपासून ऐकून राहिलात? ओव्हर." शांतता, बरीच लांब. आणि मग बाबा हळूच म्हणाले, "मंग तुम्हाला समदं ठाऊकच हाय की."

मी बटणावर अंगठा ठेवला होता. मला ओरडून विचारायचं होतं, बाबा, कोण आहे, कोण बोलतंय? पण दुसऱ्याच्या बोलण्यात मधे शिरायचं नसतं. मी अंगठा काढला आणि गॅस बारीक केला.

"मंडळीला जाऊन चार वर्षं झाली," बाबा सांगत होते. पुन्हा शांतता. पलीकडच्या माणसानं काय विचारलं ते मला बाबांच्या उत्तरावरून कळलं, आणि ते उत्तर यायला वेळ लागला. बाबांनी बटण दाबलेलं होतं, कारण त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक माझ्या स्वयंपाकघरात येत होती. बाबा आईला कधी नावानं हाक मारत नसत. अगं नाहीतर करुणाची माय. दवाखान्यात केसपेपर काढताना बाईनं पेशंटचं नाव विचारलं, तेव्हाही यांनी खिशातून तिचं आधार कार्ड काढून खिडकीतून पुढं केलं होतं. एकेचाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं.

"कौशल्या," बाबा म्हणाले. नाव वायरलेसवर नेहमी दोनदा सांगायचं असतं, म्हणून त्यांनी ते आणखी एकदा, सावकाश सांगितलं. "कौशल्या."

मी ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. बाबांनी बटण सोडलं. लातूरहून त्यांना काय उत्तर मिळालं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ते कधी विचारलंही नाही.